एकच भोक, दोन वायरी

२०१६ सालच्या सप्टेंबरात दोन दिवसांच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या. ५ तारखेला भारतात जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि मोबाइलवर दिवसभर गाणी लावून ठेवणं, सिनेमे बघणं खिशाला जड जाईनासं झालं. ७ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपलनं आयफोन ७ लोकांसमोर आणला. त्यात हेडफोनची पिन खुपसायचं गोल भोक नव्हतं. ऐकायला अमाप मिळू लागलं त्याच आठवड्यात ऐकण्याची जुनी वाट बुजायला लागली. कंपनीचे फिल शिलर यांनी मंचावरून या निर्णयाला धैर्याचं नाव दिलं आणि त्यावर जगभर भरपूर थट्टा झाली.

लोकांपुढचा प्रश्न मात्र अगदी रोजचा होता. फोन चार्जिंगला लावलाय आणि गाणंही ऐकायचंय, तर वायर लावायची कुठे? अ‍ॅपलनं खोक्यात बोटभर लांबीचा एक कन्व्हर्टर दिला होता, पण तो लावला की चार्जरला जागा उरत नसे. त्याच दिवशी बेल्किन कंपनीनं ४० डॉलरचा एक दुतोंडी जोड जाहीर केला. त्याची दोन्ही भोकं अ‍ॅपलच्याच चपट्या लाइटनिंग पिनेची होती. म्हणजे घरातला गोल पिनेचा हेडफोन वापरायचा तर फोनला बेल्किनचा जोड, जोडाला अ‍ॅपलचा कन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरला हेडफोन, अशी शेपटी लोंबत राहायची.

भारतात ही अडचण तीन महिने आधीच येऊन बसली होती, आणि तीही बारा हजारांच्या फोनमधून. चीनच्या लेईको कंपनीनं जून २०१६ मध्ये ले २ हा फोन इथे ११,९९९ रुपयांना आणला. धातूची पाठ, बोटाच्या ठशाची सोय, त्या किमतीला न शोभणारा थाट. आणि खाली एकच टाइप-सी भोक. चार्जर त्यातच, इअरफोनही त्यातच. पुढच्याच वर्षी लेईकोनं भारतातला गाशा जवळजवळ गुंडाळला, त्यामुळे अ‍ॅपलच्या आधी येण्याचा मान आज कुणी तिला देत नाही.

वीज आणि आवाज एकाच भोकातून न्यायचे की दोन, हा वाद या फोनांपेक्षा सव्वाशे वर्षांनी मोठा आहे. त्याचा निकाल दर पिढीत उलटसुलट लागत आला. भोक कोण वाचवतो आणि त्याचा खर्च कुणाच्या माथी बसतो, हे पाहत गेलं की ही कथा बरीच उलगडते.

२८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू हेवन गावी, जॉर्ज कॉय यांनी २१ ग्राहकांसाठी टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. त्यांचा बोर्ड म्हणजे अस्सल जुगाड होता. बग्गीचे बोल्ट, किटल्यांच्या झाकणांच्या मुठी आणि बायकांच्या फुगीर झग्यांत घालायची तार असं सामान जमवून तो बनवला होता. एका वेळी दोनच संभाषणं त्यावर चालत. ग्राहक शेकड्यांनी वाढू लागले तेव्हा असं काही चालणार नव्हतं. कुठल्याही तारेला कुठलीही तार क्षणात जोडता यावी, तितक्याच झटकन सोडवता यावी आणि दिवसातून हजारदा हे केलं तरी जोड ढिला पडू नये, अशी काहीतरी युक्ती हवी होती. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतले चार्ल्स स्क्रिब्नर यांनी ती शोधली. त्यांच्या नावावर पुढे चारशेहून जास्त पेटंटं जमली. त्यातलं आज घरोघरी ओळखीचं असलेलं काम म्हणजे भोकात खुपसायची गोल पिन.

ही पिन पाव इंच जाडीची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तिचं टोक, मधली कडी आणि मागचा दांडा एकमेकांपासून अलग ठेवलेले. टेलिफोनच्या दोन तारा टोकाला आणि कडीला जोडत. दांड्याकडे वेगळंच काम होतं. मोठ्या एक्स्चेंजमध्ये एकाच ग्राहकाचं भोक अनेक ऑपरेटरांसमोर असे, त्यामुळे तो दुसरीकडे बोलत आहे की मोकळा आहे हे कळायला हवं. ऑपरेटर पिनेचं टोक भोकाच्या कडेला नुसतं टेकवायची. कानात 'टक्' आवाज आला की लाइन गुंतलेली. आजही गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि नाट्यगृहातल्या मिक्सरला हीच पाव इंची पिन लागते. विजेच्या वस्तूंत एवढं आयुष्य लाभलेली दुसरी वस्तू चटकन आठवणार नाही.

मुंबईनं ती फार उशिरा पाहिली नाही. १८८१ मध्ये सरकारनं इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना दिला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाल्याची घोषणा झाली. न्यू हेवनच्या बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला. पिना खुपसणाऱ्या ऑपरेटरांचा जमाना आपल्याकडे लांबला तोही चांगला शंभर वर्षं. ट्रंक कॉल बुक करून फोनपाशी ताटकळत बसलेली पिढी अजून हयात आहे. 'लाइटनिंग कॉल'ला आठपट पैसे पडायचे म्हणून साध्या कॉलवर भागवणारीही तीच.

या जुन्या एक्स्चेंजमध्येच वीज आणि आवाजाचा पहिला संसार जमला. सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाच्या घरी टेलिफोनसोबत बॅटरी ठेवलेली असे. ती उतरली की कंपनीचा माणूस येऊन बदलणार. शिवाय ऑपरेटरचं लक्ष वेधायला यंत्राची मूठ गरागरा फिरवायची. १८९०च्या दशकात हे बदलू लागलं. एक्स्चेंजमध्येच मोठी बॅटरी ठेवायची आणि ज्या दोन तारांतून आवाज जातो त्यांतूनच वीजही ग्राहकाच्या यंत्रापर्यंत पोचवायची, अशी पद्धत आली. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण व्हायचं आणि बोर्डावर त्या ग्राहकाचा दिवा लागायचा. घरातली बॅटरी गेली, मूठ गेली. वीज एकसारखी वाहते आणि आवाज थरथरत जातो, म्हणून एकाच तारेतून दोघांना नेऊन पलीकडे कॉइल आणि कपॅसिटर लावून वेगळं करता येतं. घरातली वीज गेली तरी लँडलाइन चालू राहायची, त्याचं गुपित हेच. तिला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून, बोलण्याच्याच तारेनं येत.

अशीच व्यवस्था ध्वनिमुद्रणातही आहे. १९६६ मध्ये जर्मनीच्या न्यूमन कंपनीनं नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी एक मायक्रोफोन तयार केला. त्याला वीज हवी होती, पण वेगळी वायर नको होती. त्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच माइकच्या वायरीत सोडली. मिक्सरवर '+४८' लिहिलेलं जे बटण असतं, ते तिथून आलेलं. कीर्तनाच्या मांडवापासून सवाई गंधर्वच्या मंचापर्यंत ते सगळीकडे दिसेल. तेव्हा एका वाटेनं दोन्ही गोष्टी नेता येत नाहीत, असं कुणी म्हणू नये. येतात, आणि उत्तम येतात. फक्त दोन्ही टोकांना काय लावलंय ते एकाच घराच्या ताब्यात असावं लागतं. एक्स्चेंजची यंत्रं टेलिफोन कंपनीची, ग्राहकाच्या घरातला फोनही कंपनीचाच. ही अट पुढे फार महागात पडणार होती.

एक्स्चेंजच्या बोर्डावरची पिन सामान्य माणसाच्या हातात आली ती रेडिओमुळे. १९१० मध्ये युटा राज्यातले नेथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाला पाठवले. नौदलाला ते पसंत पडले आणि मागणी आली. गृहस्थांची अडचण अशी, की स्वयंपाकघरात एका वेळी दहाच बनायचे. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी म्हणून खास स्टीरिओ हेडफोन विकायला काढला. पिन तीच, पाव इंची. तिची जाडी कमी झाली ती ट्रान्झिस्टरमुळे. खिशात मावणाऱ्या रेडिओत पाव इंची भोक मावेना, म्हणून तिची लहान भावंडं आली: साडेतीन मिलिमीटर आणि अडीच मिलिमीटर. कागदावर फरक मिलिमीटरचा, पण अडीचची पिन साडेतीनच्या भोकात घातली की खुळखुळायची, याचा वैताग पुढच्या दोन पिढ्यांनी घेतला.

महाराष्ट्रात ट्रान्झिस्टर कानाला लावण्याचं सगळ्यात मोठं निमित्त क्रिकेट. बाळ ज. पंडित यांचं मराठी धावतं समालोचन ऐकायला कचेऱ्यांतून आणि वर्गांतूनही रेडिओ दडवलेले असत. अशा वेळी एका कानाची बारीक वायर शर्टाच्या कॉलरमागून वर घेता आली तर सोन्याहून पिवळं. तेव्हा चार्जिंगचा प्रश्नच नव्हता. सेल उतरले की नवे घालायचे, किंवा उन्हात ठेवून अजून एखादा डाव काढायचा.

१ जुलै १९७९ रोजी सोनीनं वॉकमन विकायला आणला. किंमत ३३,००० येन, आत दोन पेन्सिल सेल. त्याच्या त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती. एकट्यानं कान झाकून ऐकणं उद्धटपणाचं दिसेल, अशी सोनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांना धास्ती होती. म्हणून दोघांनी मिळून ऐकायची सोय, आणि एकमेकांशी बोलायचं असेल तर आवाज दाबून छोटा माइक चालू करणारं नारिंगी बटण. लोकांनी मोरितांची काळजी मनावर घेतली नाही. त्यांना एकट्यानंच ऐकायचं होतं. दुसरं भोक पुढच्या मॉडेलांतून हळूच नाहीसं झालं. साडेतीन मिलिमीटरची पिन मात्र वॉकमननं जगभर नेली. आखातातून येणाऱ्या बॅगांतून आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटमधून ती आपल्याकडेही उतरली, आणि पुढची वीसेक वर्षं कुठल्याही हेडफोनची पिन कुठल्याही यंत्राला बसेल अशी एक सुखाची व्यवस्था जगात नांदली. ही व्यवस्था कुणी सरकारनं घालून दिलेली नव्हती, हे विशेष.

मोबाइल आले आणि ती मोडली. मोबाइल कंपन्यांच्या लेखी फोन म्हणजे बोलायचं यंत्र, त्यामुळे हेडफोनची जोडणी ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं बनवली. नोकियाची पॉप-पोर्ट नावाची चपटी रांग, सोनी एरिक्सनची बाजूला चिकटणारी पट्टी, कुठे अडीच मिलिमीटर. चार्जरचीही तीच तऱ्हा. नोकियाची जाड पिन आणि नोकियाची बारीक पिन यांत गल्लत झाल्यानं प्रवासात किती फोन मेले असतील त्याची गणती नाही. तरी नोकियाच्या या रचनेत एक शहाणपण होतं: चार्जिंगची पिन स्वतंत्र होती. फोन भिंतीला, इअरफोन कानाला, आणि दोन्ही एकमेकांच्या वाटेत नाहीत.

मोटोरोलाला हे पटलं नसावं. २००४ साली आलेला रेझर व्ही३ हा त्या काळातला सगळ्यात देखणा, सडपातळ फोन. सडपातळपणासाठी त्यात एकच मिनी-यूएसबी भोक ठेवलं. चार्जर, संगणकाची वायर आणि हेडसेट सगळे तिथेच रांग लावणार. २००६ मध्ये अ‍ॅपलनं तोच डाव उलट्या बाजूनं टाकला. शर्टाला चिमट्यानं लावायचा आयपॉड शफल. त्याला हेडफोनचं गोल भोक तेवढं होतं आणि चार्जिंगही त्यातूनच व्हायचं. एका छोट्या बैठकीतून वर आलेल्या पिनेवर तो बसवून ठेवायचा. चार्ज होत असताना गाणं ऐकायला काही वाटच नाही. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिलावहिला फोन, एचटीसीनं बनवलेला जी१, बाजारात आला तेव्हाही त्यात गोल भोक नव्हतं. हेडफोन आणि चार्जर दोघांना मिळून एकच यूएसबी. आज लोकांना हा उपद्रव नवा वाटतो, पण अँड्रॉइड जन्मलं तेच या अडचणीसकट.

हे सगळे मूळचे दुसऱ्या देशांतल्या गिऱ्हाइकांसाठी आखलेले फोन. रात्री उशाला फोन लावून सकाळी भरलेला उचलणारं ते गिऱ्हाईक. महाराष्ट्राच्या गावांतून त्याच सुमारास भारनियमन जोरात होतं. वीज येईल ते तास हेरून पंप चालवायचा, दळण आणायचं आणि मोबाइलही तेवढ्यातच भरून घ्यायचा. तालुक्याच्या एसटी स्टँडवर चार-दोन रुपये घेऊन मोबाइल चार्ज करून देणाऱ्या टपऱ्या निघाल्या होत्या. मायक्रोमॅक्सनं २००८ मध्ये एक महिना टिकणाऱ्या बॅटरीचा फोन काढून नाव कमावलं, ते अशाच गिऱ्हाइकांच्या जिवावर. वीज आहे तेवढ्याच वेळात घरातली माणसंही मोकळी होऊन गाणी ऐकायला बसत. चार्जिंग आणि ऐकणं एकाच वेळी करणं ही इथे चैन नव्हती. दोन्हींचा वेळच एक होता.

त्यातून इथल्या स्वस्त फोनचा सगळ्यात लाडका गुण म्हणजे एफएम रेडिओ, फुकटचा आणि डेटा न खाणारा. आणि एफएमला इअरफोनची वायर लागतेच, ऐकायला नसली तरी अँटेना म्हणून. एफएमच्या लहरी तीन मीटरच्या आसपास लांबीच्या असतात. त्या पकडायला हात-दीड हाताची तार हवी आणि ती फोनच्या पोटात मावत नाही. म्हणून कंपन्यांनी इअरफोनच्या वायरीलाच अँटेना केलं. स्पीकरवर रेडिओ लावून वायर नुसती खिडकीत टाकून ठेवलेली कितीतरी दुकानांतून दिसायची, ती याचसाठी.

२००७च्या पहिल्या आयफोननं साडेतीन मिलिमीटरला पुन्हा प्रतिष्ठा दिली, पण तिरपागडेपणा करूनच. त्याचं भोक इतकं खोल बसवलं होतं की बऱ्याच हेडफोनच्या जाड पिना आत पोचत नसत, आणि त्यासाठीही अ‍ॅडाप्टर विकत मिळायचे. पुढच्या वर्षी ते सुधारलं. मग माइकसाठी पिनेवर दुसरी कडी आली आणि भांडणाला नवं कारण मिळालं. माइक आणि जमिनीची तार यांच्या जागा नोकियासारख्या कंपन्यांच्या फोनांत एका क्रमानं, अ‍ॅपलच्या फोनांत उलट्या क्रमानं. चुकीची जोडी जमली की गाण्यातला गायक गायब व्हायचा आणि वाद्यमेळ तेवढा विहिरीतून आल्यासारखा ऐकू यायचा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्यासाठीही एक कन्व्हर्टर असे. तिथल्या दुकानदारांना जगातल्या कंपन्यांचे रुसवेफुगवे बरोबर ठाऊक असतात, कारण त्यावर त्यांचं पोट चालतं.

टाइप-सीची नियमावली ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. २४ संपर्क असलेलं, उलटसुलट कसंही बसणारं भोक. ते आखणाऱ्यांना हेडफोन आठवला होता. एका परिशिष्टात त्यांनी अशी सोय ठेवली, की साधा, आत कुठलीही चिप नसलेला अ‍ॅडाप्टर लावला की फोननं ते ओळखावं आणि एरवी डेटा वाहणाऱ्या दोन तारांवर डावा आणि उजवा आवाज सोडावा. इतकंच नाही, त्या अ‍ॅडाप्टरमधून चार्जिंगचीही मुभा ठेवली. फक्त कमाल ५०० मिलिअ‍ॅम्पिअरची.

इथे थोडा हिशेब करावा लागतो. पाच व्होल्टला ५०० मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे अडीच वॉट. आजच्या स्वस्त फोनची बॅटरी बहुधा ५,००० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांची, म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. काही वाया जात नाही आणि फोन निजलेला आहे असं धरलं तरी भरायला जवळजवळ आठ तास. आणि फोन निजलेला नसतो; कारण आपण त्यावर काहीतरी ऐकत असतो. पडदा उजळ ठेवून क्रिकेटचा सामना लावला तर येणारी बरीचशी वीज तिथल्या तिथे संपते. "चार्जिंगला लावलाय पण टक्के हलत नाहीत" ही तक्रार घेऊन येणाऱ्याच्या अ‍ॅडाप्टरमध्ये दोष असेलच असं नाही. नियम पाळणारा अ‍ॅडाप्टरही तेवढंच देतो. शिवाय क्वालकॉमचं क्विक चार्ज २.० आणि ३.० ज्या दोन डेटा-तारांवरून चार्जरशी बोलणी करतं, त्याच तारांवर आता गाणं चालू आहे. बोलणी होत नाहीत, आणि खोक्यावर ठळक छापलेलं जलद चार्जिंग कानात गाणं असेपर्यंत रजेवर जातं. कित्येक कंपन्यांच्या स्वतःच्या जलद चार्जिंगला त्यांचीच वायर आणि त्यांचाच चार्जर लागतो. मध्ये परका अ‍ॅडाप्टर आला की तेही साध्या चार्जिंगवर येतं.

दुसरी वाट डिजिटल. आवाज आकड्यांत बाहेर काढायचा आणि अ‍ॅडाप्टरमधल्या चिमुकल्या चिपनं त्याचा पुन्हा आवाज करायचा. ही चिप फोनकडून वीज मागते. म्हणजे फोन मालक आणि अ‍ॅडाप्टर पाहुणा. पाहुण्याला जेवण मालकानं घालायचं. आता त्याच भोकातून चार्जर लावला, की मालकानं पाहुण्याकडूनच शिधा घेऊन वर हुकूमही आपलाच चालवायचा, अशी उलटी रीत होते. टाइप-सीत ही अदलाबदल करता येते, पण त्यासाठी पॉवर डिलिव्हरी नावाची बोलणी दोन्ही बाजूंना यावी लागते. महाग फोनांना ती येते. स्वस्त फोनांत ती नसते किंवा अर्धवट असते, आणि अडीचशे रुपयांच्या अ‍ॅडाप्टरमध्ये ती चिप घालणं कुणालाच परवडत नाही. मग एक तर गाणं चालतं, नाही तर चार्जिंग.

मायक्रो-यूएसबीच्या काळातही कागदावर तोडगा होता. २०१० च्या बॅटरी चार्जिंगच्या नियमावलीत एका तारेवर ठरावीक रेझिस्टर लावून 'मी पाहुणाही आहे आणि शिधाही आणलाय' असं फोनला सांगण्याची तरतूद केली होती. ती पाळणारे फोन हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. तरतुदी होत्या, त्या अमलात आणायला दर फोनमागे काही पैसे लागतात, आणि स्वस्त फोनच्या धंद्यात पैशा-पैशाची चुरस असते.

गल्लीतल्या काउंटरवर दोन्ही जातींचे अ‍ॅडाप्टर शेजारी-शेजारी टांगलेले असतात, दिसायला जुळे. चिप नसलेला अ‍ॅडाप्टर डिजिटल वाटेच्या फोनला लावला तर आवाजच येत नाही. म्हणून जाणता दुकानदार आधी फोन हातात मागतो आणि लावून दाखवतो. ऑनलाइन घेणाऱ्याला तो कुठला मिळायला? दुतोंड्या अ‍ॅडाप्टरमध्ये आणखी एक खोड असते. चार्जरची परतीची वीज आणि हेडफोनची परतीची वीज एकाच बारीक तारेनं जाते, त्यामुळे चार्जर लावताच गाण्यामागे किणकिण किंवा घुर्र असा आवाज येऊ लागतो. जुन्या एक्स्चेंजवाल्यांनी कॉइल बसवून हेच भूत बाटलीत कोंडलं होतं. बोटभर प्लास्टिकमध्ये कॉइलला जागा कुठली?

आणि एक गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. चांगल्या चार्जरमध्ये भिंतीतले २३० व्होल्ट आणि फोनकडचे पाच व्होल्ट यांच्यात ट्रान्सफॉर्मरचं पक्कं कुंपण असतं. रस्त्यावरच्या बेनामी चार्जरमध्ये ते कच्चं असू शकतं, आणि ते तुटलं तर वायरच्या इअरफोनची तार थेट कानापर्यंत गेलेली असते. विजेच्या वस्तूंची सक्तीची नोंदणी भारतानं २०१२च्या आदेशानं सुरू केली, त्यात पॉवर अ‍ॅडाप्टरही घेतले. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) खूण आणि नोंदणीचा क्रमांक बघून घेणं म्हणूनच शहाणपणाचं.

२०१६ नंतर भोकं पटापट बुजत गेली. गुगलनं त्या वर्षी पिक्सेलच्या जाहिरातीत आपल्या फोनला गोल भोक असल्याचा टोमणा मारला आणि वर्षभरात पिक्सेल २ मधून ते काढून टाकलं. सॅमसंगनंही आधी हसून घेतलं. ऑगस्ट २०१९ मध्ये नोट १०च्या वेळी तेही त्याच पंगतीला बसले. भारतात शाओमीचा मी ए२ ऑगस्ट २०१८ मध्ये १६,९९९ रुपयांना आला, गोल भोकाविना, पण खोक्यात कन्व्हर्टर घालून. खोक्यातला कन्व्हर्टर हे संक्रमणकाळाचं लक्षण. अ‍ॅपलनं तो त्याच वर्षी काढून घेतला. २०२० साली आयफोन १२च्या खोक्यातून इअरफोन आणि चार्जर दोन्ही गेले. कंपनीनं वाचवलेलं एक-एक भोक गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी ओळ होऊन येऊ लागलं.

मजा म्हणजे ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना दोन भोकं परत मिळाली. असूसनं २०१८ मध्ये खेळणाऱ्यांसाठी काढलेल्या आरओजी फोनला साडेतीन मिलिमीटरचं भोक तर होतंच, वर आडव्या बाजूला चार्जिंगचं दुसरं भोक होतं, फोन आडवा धरून खेळताना वायर बोटांत येऊ नये म्हणून. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागून येतो आणि पब्जीत गोळी मागून ऐकू आली की खेळ संपलेला असतो, हे कंपन्यांना माहीत होतं. ज्या पोरांनी पब्जी खेळली त्यातल्या बहुतेकांकडे अर्थातच आरओजी फोन नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली तेव्हा घरात एक फोन, दोन भावंडं आणि सकाळपासून दुपारपर्यंत तास. फोन चार्जिंगवरच ठेवून कानात वायर घालून बसलेल्या मुलांना गोल भोकानंच तारलं.

इतकं होऊनही स्वस्त फोनांत ते भोक पुष्कळ टिकलं. त्याचं श्रेय गिऱ्हाइकाच्या चिवटपणाला द्यायला हवं. चारशे रुपयांचा वायरचा इअरफोन हा इथे मोठा धंदा आहे. बोट या भारतीय ब्रँडची पहिली वस्तू होती आयफोनची न तुटणारी चार्जिंग केबल, आणि पुढे त्यांचं नाव घरोघरी नेलं ते बेसहेड्स या वायरच्या इअरफोननं. तरी तटबंदीला भगदाडं पडत आहेत. जुलै २०२४ मध्ये १५,९९९ रुपयांना आलेल्या सीएमएफ फोन १ ला गोल भोक नाही. बिनवायरीचे इअरबड स्वस्त झालेत हे खरं, पण त्यांनाही रोज चार्जर लागतो. बिनवायरीचं चार्जिंग या किमतीच्या फोनांत सहसा मिळत नाही.

सरकारं आणि संस्था यात आपापल्या परीनं उतरल्या आहेत. बेस्टनं एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये मोबाइलचा आवाज मोठा ठेवून गाणी-व्हिडिओ लावायला मनाई केली. हेडफोन वापरा, नाही तर मुंबई पोलीस कायद्याखाली कारवाई. त्याच सुमारास केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं फोन कंपन्यांना सल्ला दिला, की फोनांतला एफएम रेडिओ बंद करू नका, पूर-वादळाच्या वेळी तोच उपयोगी पडतो. आणि चार्जिंगच्या भोकाबाबत युरोपीय संघाचा कायदा २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला: नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं. चार्जर सगळ्यांचा एक झाला. त्याच भोकात हेडफोन लावला तर चार्जिंग किती वेगानं व्हावं, व्हावं की नाही, यावर त्या कायद्यात काही नाही. आणि एफएम चालू ठेवा म्हणणाऱ्या सल्ल्यातला रेडिओ, गोल भोक नसलेल्या फोनात, अँटेनाची वायर कुठे लावणार ते फोन बनवणाऱ्यांवर सोडलेलं आहे.